आधी सापडू द्या

आमचा संडास जुन्या डच घडणीचा.
आत चिनीमातीची एक फळी असते,
पडेल ते आधी तिच्यावर थांबतं,
साखळी ओढली की मग जातं.
वीस वर्षं आउक्या म्हणतेय, बदलू या हे ध्यान.
मंगळवारी पहाटे त्या फळीनंच मला सांगितलं.

बीट खाल्लं नव्हतं.
दुखत तर काहीच नव्हतं.
इतकं लाल, आणि इतकं बिनबोभाट.

लेवार्डनमध्ये कालव्याच्या काठी
त्रेचाळीस वर्षं सायकली दुरुस्त केल्या मी.
खाटेशेजारी बसून डॉक्टर ओस्टिंग
जेवणाच्या मेनूमागे आतडं काढत होती, हात चांगला तिचा.
भिंतीतून रक्तवाहिनी जिथे आरपार जाते
तिथे भिंत विरते, म्हणाली,
आणि बाहेरच्या अंगाला पिशव्या फुगतात,
वाटाण्याएवढ्या. तुम्हाला डावीकडे पुष्कळ आहेत.
म्हटलं, कळलं.
टायरला चीर गेली की ट्यूब डोकं काढते, तसं.
तसंच. आणि एखाद्या पिशवीच्या तोंडाशी
ती वाहिनी झिजून फुटते.
मग लावा ठिगळ.
आधी सापडू द्या, म्हणाली.

हे मी किती गिऱ्हाइकांना म्हटलंय!
पण माझ्याकडे पाण्याचं घमेलं होतं.
ट्यूब बुडवायची, दाबायची,
बुडबुडा स्वतःच ओरडतो, इथे, इथे.
यांनी पाणी मलाच पाजलं.
लिंबाचा वास लावलेलं, चार लिटर, रात्रभर.
गुडघ्याच्या गोळ्या काढून घेतल्या,
ज्या मी चिंचेच्या गोळ्यांसारख्या चघळायचो;
त्यांचाही हात असेल यात, म्हणे.
एक पिशवी रक्त चढवलं. कुणाचं, कोण जाणे.
सकाळी कॅमेरा सगळं फिरून आला:
पिशव्याच पिशव्या, आणि एकही रडत नव्हती.

थांबलं आपोआप. बहुतेकांचं थांबतं.
औषध काय, तर वाट पाहणं.
हवा टिकलीये, घेऊन जा,
असं मीही सांगायचो,
आणि गिऱ्हाईक गुरुवारी परत.

मीही गुरुवारीच.
घरी नाही, तिथेच, त्याच खाटेवर,
डबा सोडायला सही बाकी होती तेवढ्यात.

शेजारच्या खाटेवर हार्लिंगनचा खोसे,
कोळंबीच्या बोटीवर जन्म गेलेला.
तो म्हणाला, माझं दीड वीत कापलं,
त्यांना जागा माहीत होती म्हणून दीड वीत.
माहीत नसती तर सगळंच जातं, विबे.
आणि पेअरचं गोड खात राहिला.

रात्री दोनला शिरेत रंग सोडून फोटो काढले.
कसं गरम वाटलं, वाटलं मुतलोच.
पडद्यावर एक ठिपका, धूर निघावा तसा.
बुडबुडा! मी मोठ्यानं म्हटलं.
टेक्निशियन पोरगी दचकली.

कागदावर सही घेतली ती सगळ्याचीच:
क्लिप नाही बसली तर रबराची रिंग,
तेही नाही तर जांघेतून तार सरकवून
ती वाहिनीच आतून बुजवायची,
आणि त्याच्याही पुढे, खोसेवालं.
आउक्यानं चष्मा शोधला नाही. वाचायचं नव्हतं तिला.

क्लिप बसली.
एवढीशी, स्पोकच्या निपलाएवढी,
पिशवीच्या ओठाला चिमटा.
जागेवर राहील ना?
काही आठवड्यांनी आपोआप गळून पडेल, ओस्टिंग म्हणाली,
तोवर आतलं भरून येतं.
दुसरी एखादी पिशवी कधी फुटणारच नाही
असं मी लिहून देणार नाही.

मीही कधी लिहून दिलं नाही कुणाला.

आता गुडघा दुखतो, दुखू दे.
सकाळी फळीवर वाकून बघतो,
चकाकतं का काही.
आउक्यानं गवंड्याला फोन करून सांगितलं,
सध्या नको, नंतर बघू.

आज काही नव्हतं.
साखळी ओढली.